संजयाची बाजू : 'अमेरिकन आयडल' २००७

अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवरच्या 'अमेरिकन आयडल' या गायनस्पर्धेचा सहावा हंगाम २००७ च्या मे महिन्यात जॉर्डिन स्पार्क्सने जिंकला. पण त्या हंगामाचा विषय निघाला की लोकांना आधी आठवतो तो सातव्या क्रमांकावर बाद झालेला संजया मलाकार. वय सतरा, राहणार वॉशिंग्टन राज्यातल्या फेडरल वे इथला. वडील बंगाली, आई इटालियन वंशाची अमेरिकन. खांद्यापर्यंत केस, तोंडभर हसू आणि मागे बँड पूर्ण जोरात वाजू लागला की शोधावा लागेल असा पातळ आवाज. परीक्षक दर आठवड्याला त्याला झोडपत होते आणि प्रेक्षक दर आठवड्याला त्याला ठेवत होते. अंतिम बारांत आल्यावर तो पाच वेळा वाचला, सहाव्या वेळी गेला.

अशा स्पर्धकाची बाजू कशी मांडायची? 'तो खरं तर छान गातो' म्हणून मांडायला गेलात तर ध्वनिमुद्रणं समोर ठेवून कुणीही दोन मिनिटांत तुम्हाला गप्प करील. 'बिचारा लहान आहे' म्हणालात तर 'मग स्पर्धेत कशाला आला?' हा प्रश्न तयारच असतो. संजयाची बाजू भक्कम आहे ती वेगळ्याच ठिकाणी. स्पर्धेचे नियम काय होते, ते कुणी केले होते आणि त्या नियमांत टिकण्यासाठी काय लागत होतं, हे नीट पाहिलं तर त्याने कुणाचं काही लुबाडलं नव्हतं हे दिसतं. किंबहुना त्याला जे जमलं ते त्याच्याहून चांगला गळा असलेल्या बऱ्याच जणांना जमलं नाही.

तो आला कसा, तिथून सुरुवात करू. सिएटलच्या चाचणीला तो आणि त्याची बहीण श्यामली एकत्र गेले होते. दोघंही हॉलिवूडच्या फेरीत पोचले. तिथे बहीण बाद झाली, भाऊ राहिला. तिथपर्यंत प्रेक्षकांचं एकही मत पडलेलं नव्हतं. चोवीस जणांची यादी रँडी जॅक्सन, पॉला अब्दुल आणि सायमन कॉवेल या तीन परीक्षकांनी केली होती, निर्मात्यांच्या संमतीने. म्हणजे 'हा इथे आलाच कसा' असं एप्रिलमध्ये कपाळाला हात लावून विचारणाऱ्या सायमनला फेब्रुवारीतला सायमन उत्तर देऊ शकला असता. हा मुद्दा त्या वेळी फार कमी लोकांनी धरून ठेवला. बचावात तो पहिला यायला हवा होता.

आता मतदान. सगळं प्रकरण इथेच आहे.

प्रत्येक स्पर्धकाला एक फुकट फोन क्रमांक दिलेला असे. शेवटचे दोन अंक त्या रात्रीच्या गाण्याच्या क्रमाप्रमाणे. कार्यक्रम संपला की किमान दोन तास लाइन उघडी. फोन करा, 'धन्यवाद' ऐका, ठेवा, पुन्हा करा. एका माणसाने किती मतं द्यावीत याला मर्यादा नव्हती. एसएमएसनेही मत देता येई, पण ते फक्त एकाच मोबाइल कंपनीच्या ग्राहकांना. बाकी सगळे फोनला चिकटलेले. लाइन लागणं, बिझी टोन, पुन्हा डायल, असं धरून एका प्रयत्नाला अर्धा मिनिट पकडलं तर दोन तासांत २४० प्रयत्न होतात. ज्याला तेवढा वेळ आहे, तेवढी चिकाटी आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचं नाही, असा मतदार कोण? बारा-तेरा वर्षांची मुलगी. मंगळवारी रात्री घरी असलेली, फोन हातात असलेली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मत फक्त बाजूने देता येत होतं, विरोधात नाही. ज्यांना संजया डोळ्यांसमोर नको होता त्यांच्याकडे त्याला घालवण्याचं कुठलंच बटण नव्हतं. त्यांना दुसऱ्या कुणाला तरी मत द्यावं लागे, आणि ती मतं आठ-दहा जणांत वाटली जात. 'बरा आहे' असं सर्वांना वाटणारा स्पर्धक या पद्धतीत मरतो, कारण 'बरा आहे' म्हणून कुणी दोन तास फोन फिरवत नाही. निम्म्या देशाला नकोसा आणि थोड्यांना जीव की प्राण असलेला मात्र तरून जातो.

आकडे मांडून पाहू. मालिका दर आठवड्याचे स्पर्धकनिहाय आकडे जाहीर करत नसे, त्यामुळे हे केवळ हिशेब समजण्यासाठी. समजा अकरा स्पर्धक आहेत आणि एकूण १००० मतं पडली. मेलिंडा डूलिटल आणि लकीशा जोन्स या दोन तगड्या गायिकांनी २००-२०० उचलली. उरली ६००, नऊ जणांत. सरासरी पडते ६७ च्या आसपास. शेवटचा कुणीतरी ४५-५० वर असणार. म्हणजे ज्याच्या मागे पक्की ७० मतं आहेत, म्हणजे फक्त सात टक्के, तो निवांत. आता तेच गणित सात स्पर्धकांवर करा. वरच्या दोघींनी २५०-२५० घेतली, उरलेली ५०० पाच जणांत. सरासरी १००. तीच ७० मतं आता तळाला नेतात. संजयाचा चाहतावर्ग आटला असं मानायची काहीच गरज नाही. तो तेवढाच राहिला आणि दाराचा उंबरठा वर सरकला, एवढं म्हटलं तरी १८ एप्रिलला तो बाद झाला तो निकाल समजतो. अशा स्पर्धकाचा अंदाज बांधताना लोक नेहमी हीच चूक करतात. तो वाचतो आहे म्हणजे वाढतो आहे असं धरून चालतात आणि मग 'हा जिंकणार' म्हणून घाबरतात.

सायमन घाबरला होता का, कोण जाणे. पण संजया जिंकला तर आपण परत येणार नाही, असं त्याने जाहीरपणे सांगून टाकलं होतं. परीक्षकाने असं बोलणं म्हणजे उद्याच्या मतदानाची मोफत जाहिरात. ज्यांना सायमनचा तोरा उतरवायचा होता त्यांना आयतं कारण मिळालं.

गाण्यांकडे येऊ, कारण बचाव करायचा तर गाणी ऐकूनच करावा लागतो. स्पर्धकाने मंजूर यादीतून गाणं निवडायचं, गायनशिक्षक आणि संगीत-संयोजकाबरोबर पट्टी ठरवायची, मूळ गाणं कापून दीडेक मिनिटात बसवायचं आणि रिकी मायनरच्या वाद्यवृंदाबरोबर तालीम करायची, अशी त्या काळची पद्धत. दीड मिनिट फसवं असतं. हळूहळू चढत जाणारं गाणं कापलं की चढण निघून जाते आणि नुसतं शिखर उरतं. ज्याच्या गळ्यात शिखर नाही त्याने असं गाणं घेतलं की तो उघडा पडतो. १३ मार्चला, गायिका डायना रॉस मार्गदर्शक असताना, संजयाचं नेमकं हेच झालं. 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' हे दमसासाचं आणि वरच्या स्वरांचं गाणं. तो त्यात दबला, सूर खाली सरकले आणि त्या आठवड्यात तळाच्या तिघांत गेला.

२० मार्चला ब्रिटिश गाण्यांचा आठवडा होता. त्याने 'यू रिअली गॉट मी' घेतलं, आणि इथे काहीतरी बदललं. हे गाणं म्हणजे एक गिटारचा तुकडा आणि त्यावर ओरडणं. स्वरांची चाल अगदी थोडी, लांब ठेहराव जवळजवळ नाहीतच. पातळ गळ्याला गुणगुणण्यापेक्षा ओरडणं सोपं जातं, कारण ओरडताना कणसूर झालं तरी शैली म्हणून खपतं. तो मोकळा सुटला, उड्या मारल्या. प्रेक्षकांत तेरा वर्षांची एक मुलगी हमसून हमसून रडत होती आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात राहिला. सायमननेही तिच्या चेहऱ्याचाच दाखला दिला. कॅमेरा कुठे जावा हे संजया ठरवत नव्हता. कंट्रोल रूममध्ये बसलेला दिग्दर्शक ठरवत होता आणि त्या रात्री त्याने संजयाची गोष्ट कुठली ते पक्कं केलं.

पुढच्या आठवड्यात, २७ मार्चला, ग्वेन स्टेफानी मार्गदर्शक होती. त्याने तिच्याच 'नो डाउट' बँडचं 'बाथवॉटर' घेतलं आणि डोक्याच्या मधोमध कपाळापासून मानेपर्यंत पोनीटेलांची रांग बांधून तुरा उभा केला. त्या रात्री तो कसा गायला हे आज कुणाला सांगता येत नाही, केस मात्र सगळ्यांना आठवतात. काहींच्या मते हा पोरकटपणा, काहींच्या मते चलाखी. आमच्या मते हा त्या स्पर्धेतला सर्वांत हुशार निर्णय होता. दीड मिनिटाच्या कार्यक्रमात आवाजाच्या बळावर मेलिंडाशी आपण बरोबरी करू शकत नाही, हे सतराव्या वर्षी ओळखणं सोपं नाही. स्पर्धा 'गायना'ची असली तरी मत आठवणीला पडतं. गाणं संपल्यावर सायमनने जवळपास हात टेकले, आपण काय बोलतो याला आता अर्थ उरलेला नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. ३ एप्रिलला त्याने युक्ती बदलून तोंडदेखली स्तुती करून पाहिली. मतांवर त्याचाही परिणाम दिसला नाही.

ज्या कामगिरीवर त्याचा गायक म्हणून बचाव करता येतो ती १० एप्रिलची, 'बेसामे मुचो'. लॅटिन आठवडा, जेनिफर लोपेझ मार्गदर्शक. गाणं संथ, पट्टी खालची, साथ हलकी. इथे पातळ, मऊ आवाज दोष राहत नाही, गाण्याचा पोत होतो. बँडवर चढायचं नसल्याने श्वास पुरतो आणि शेवटचे स्वर हवेत न विरता जागेवर बसतात. सायमनलाही नाइलाजाने बरं बोलावं लागलं. कुणाला संजयाची बाजू घ्यायची असेल तर त्याने तुऱ्याचं छायाचित्र बाजूला ठेवून हे गाणं ऐकवावं. आणि लगेच पुढच्या आठवड्यातलं 'समथिंग टू टॉक अबाउट'ही ऐकवावं, कारण दोष लपवून केलेला बचाव टिकत नाही. १७ एप्रिलला कंट्री संगीताच्या फेरीत, डोक्याला रुमाल बांधून, त्याने एक असं गाणं घेतलं ज्याचा सगळा जोर खर्जातल्या खरखरीवर आणि तालाच्या किंचित मागे राहण्यावर आहे. त्याच्याकडे खर्ज नव्हता आणि लय पुढे पळत होती. परीक्षकांनी त्याला धुतलं आणि या वेळी ते चुकीचं नव्हतं.

आता 'ही मतं खरी नव्हतीच' या आरोपाकडे. 'व्होट फॉर द वर्स्ट' नावाचं एक संकेतस्थळ २००४ पासून चालू होतं. सर्वांत वाईट स्पर्धकाला मत देऊन मालिकेची गंमत करा, हा त्याचा उद्योग. रेडिओवरचा हॉवर्ड स्टर्नही श्रोत्यांना संजयाला मत द्यायला सांगत होता. त्यामुळे संजया म्हणजे एक सामूहिक खोडी, असं समीकरण वर्तमानपत्रांनी बनवून टाकलं. या आरोपाला तीन ठिकाणी भोक आहे. एक, त्याच संकेतस्थळाने २००५ मध्ये स्कॉट सॅव्होलला धरलं होतं. तो पाचवा आला आणि देशाने त्यावर अशी काही छाती पिटली नाही. खोडीत एवढं बळ असतं तर ते दर वर्षी दिसलं असतं. दोन, या मालिकेत मतं कोटींत पडत. त्याच हंगामाच्या अंतिम फेरीत ७ कोटी ४० लाख मतं पडली. एका संकेतस्थळावर येणाऱ्यांनी त्यात कितीशी भर घालावी? आणि तिसरं, थट्टेने दिलेलं मत हे मतच असतं. नियमांत 'मनापासून द्यावं' असं लिहिलेलं नव्हतं. खोडकर लोकांनी तळाशी दोन-तीन टक्क्यांची भर टाकली असेल आणि अकरा जणांच्या फेरीत तेवढी पुरली असेल, हे मान्य करायला हरकत नाही. पण मग चेष्टेचं मत मोजणाऱ्या पद्धतीला जाब विचारा, पोराला नाही.

आणखी एक अफवा चालायची, अर्धी विनोदाने आणि अर्धी खरी मानून: भारतातल्या कॉल सेंटरमधून संजयाला मतं पडताहेत. अमेरिकेतले ते फुकट क्रमांक भारतातून सरळ लागतच नाहीत. शिवाय कार्यक्रम तिथे रात्री आठ-नऊला, म्हणजे आपल्याकडे पहाट उलटून सकाळ. कॉल सेंटरचा माणूस पाळी संपवून घरी निघालेला असतो, त्याला काय पडलंय? पण ही अफवा दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बेसूर गोऱ्या पोराबद्दल 'ही मतं नेब्रास्कातून येताहेत' असा संशय कुणी घेतला नसता. नाव मलाकार असलं की मतदारही परके ठरतात. अमेरिकेतल्या भारतीय घरांतही त्याच्यावर दोन तट होते: एकाला आपला पोरगा टीव्हीवर दिसल्याचा आनंद, दुसऱ्याला आपली शोभा होतेय याची लाज. दुसऱ्या तटाचा आवाज जास्त होता, असं त्या वेळच्या चर्चा पाहून वाटतं. जे समाजात नवे असतात त्यांना पहिल्या माणसाने उत्तमच असावं असं वाटतं. सामान्य असण्याची मुभा नंतर मिळते.

गुणवान हरतात आणि भलते टिकतात, हे संजयापासून सुरू झालं असंही नाही. २००४ मध्ये जेनिफर हडसन याच मालिकेत बाद झाली, क्रमांक सातवा, संजयाचाच. २५ फेब्रुवारी २००७ ला, म्हणजे संजया चोवीस जणांत गात होता त्याच दिवसांत, तिला ऑस्कर मिळालं. २००६ मध्ये ख्रिस डॉट्री चौथा आला आणि त्याच वर्षी त्याच्या बँडचा पहिला अल्बम निघून तुफान खपला. त्या वर्षीचा विजेता टेलर हिक्स, अकाली पिकलेले केस आणि अंगविक्षेप घेऊन आलेला, तोही सायमनला सुरुवातीला नको होता. मालिकेने 'उत्तम गायक निवडतो' असा दावा केला असेल, तिचा इतिहास तसा नव्हता.

त्याच वर्षी आपल्याकडेही एक प्रकरण घडलं. 'इंडियन आयडल'च्या तिसऱ्या हंगामात कोलकाता पोलिसातला शिपाई, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, सप्टेंबर २००७ मध्ये शिलाँगच्या अमित पॉलला हरवून जिंकला. तिथे मत फुकट नव्हतं, एसएमएसला पैसे पडत, म्हणून डोंगराळ भागात वर्गणी गोळा झाली आणि सामूहिक एसएमएसचे टेबल लागले. तमांग आणि संजया एका पंक्तीत बसत नाहीत. तमांगच्या मागे एक अख्खा प्रदेश होता, ओळख मागणारा, आणि त्याचा गळाही कमी नव्हता. संजयाच्या मागे कुठलाच प्रदेश नव्हता, विखुरलेल्या मुली आणि काही टवाळ होते. तरी दोन्हीकडे वाद एकच झाला, की आवाजाला मत की माणसाला. मराठीत २००९ च्या 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा घराघरांत झालेली भांडणं आठवतात का? तिथे तर पाचही मुलं सुरेल होती. वाद टाळता येतच नाही, फक्त त्याची पातळी बदलते.

मालिकेने स्वतः काय धडा घेतला हे तिने पुढे केलेल्या बदलांत दिसतं. २००९ पासून परीक्षकांना एका बाद झालेल्या स्पर्धकाला वाचवण्याचा हक्क मिळाला. लक्षात घ्या, नकोशाला काढण्याचा नव्हे. तो हक्क दिला असता तर प्रेक्षकांच्या फोनला काही अर्थच उरला नसता. २०११ मध्ये ऑनलाइन मतदान आलं आणि तिथे प्रत्येकाला ५० मतांची मर्यादा घातली. आज हे बदल मागे नेऊन २००७ च्या हंगामाला लावले तर संजया आठवा-नववा आला असता, फार तर. बाकी यादी फारशी हलली नसती.

या बचावात एक जागा खरोखर दुखरी आहे आणि ती झाकू नये. ८ मार्चला शेवटच्या बारांत जाण्याच्या फेरीत सनडान्स हेड गेला आणि संजया राहिला. हेडचा गळा भरदार. २०१६ मध्ये त्याने 'द व्हॉइस' ही दुसरी मोठी स्पर्धा जिंकून दाखवली. मग २१ मार्चला, 'यू रिअली गॉट मी'च्या दुसऱ्या रात्री, स्टेफनी एडवर्ड्स बाद झाली. क्रमांक अकरावा. उन्हाळी दौऱ्यात पहिले दहा जण जात, देशभर फिरत आणि त्याचे पैसे मिळत. ती एका जागेने हुकली. संजया दौऱ्यावर गेला. संजया नसता तर ती गेली असती का? बहुधा हो. पण त्या मंगळवारी तिची मतं खाल्ली ती मेलिंडा आणि लकीशाने: तिघी एकाच घडणीच्या, मोठ्या गळ्याच्या, 'सोल' शैलीत गाणाऱ्या, एकाच श्रोत्याच्या दारात उभ्या. तो श्रोता एकीलाच फोन करणार होता, आणि त्याच्या यादीत स्टेफनी तिसरी होती.